पहिल्यांदा यूएन मिशनवर निघताना: दक्षिण सुदानला जाणाऱ्या जवानासाठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतला एक पोरगा पेढे घेऊन घरी आला. त्याच्या पलटणीचा नंबर यूएन मिशनसाठी लागला होता, दक्षिण सुदानला. पेढा हातावर ठेवून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काका, बूट किती जोड न्यायचे?" मी म्हटलं, "बूट पलटण देईल रे. सात-बारा कुणाच्या नावावर आहे ते आधी सांग." तो बावरला. मग आम्ही ओट्यावर दोन तास बसलो. तो गेल्यावर वाटलं, हे सगळं लिहून ठेवावं. दर वर्षी कुणी ना कुणी पोरगा निघतो आणि बुटांचंच विचारतो.

मी दक्षिण सुदानातल्या मलाकाल गावी यूएनच्या तळावर एक वर्ष काढलं आहे. पुढे लिहिलंय ते तिथं पाहिलेलं आणि चुका करून शिकलेलं. मिशनवर धोका आहेच, तो मी लपवणार नाही. पण बहुतेक पोरांचं वर्ष गोळीबारानं खराब होत नाही. न घेतलेलं औषध, रात्री उशिरा आलेला घरचा फोन, गेटवर एखाद्या लेकराला सहज देऊन टाकलेला शब्द, अशा गोष्टींनी होतं. म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी कुठं आणि कशासाठी चाललास ते समजून घे

दक्षिण सुदान हा देश ९ जुलै २०११ रोजी जन्माला आला आणि त्याच दिवशी तिथलं यूएन मिशन सुरू झालं. त्याला अनमिस म्हणतात, मुख्यालय राजधानी जुबाला. डिसेंबर २०१३ मध्ये जुबातच यादवी पेटली आणि हजारो माणसं पोरंबाळं, अंथरुणं, भांडी घेऊन यूएनच्या तळांच्या फाटकांवर येऊन धडकली. फाटकं उघडली गेली. तळाला लागून छावण्या वसल्या, त्यांना पीओसी साइट, म्हणजे नागरिकांच्या रक्षणाची जागा, हे नाव पडलं आणि तिथं लोक वर्षानुवर्षं राहिले. सामान्य माणसांचं रक्षण हे मिशनचं पहिलं काम आहे.

हे डोक्यात नीट बसव, कारण आपलं सगळं ट्रेनिंग शत्रू समोर ठेवून झालेलं असतं. इथं तुझ्यासमोर शत्रू नाही. दोन्ही बाजूंच्या हातात हत्यारं आहेत, दोघंही तुला ओळखतात, आणि मधे शेळ्या हाकणारी म्हातारी आहे. तुझं काम त्या म्हातारीसाठी आहे. दिल्लीत लष्कराचं यूएन पीसकीपिंगचं केंद्र आहे, तिथले धडे आणि पलटणीतलं निघण्याआधीचं ट्रेनिंग कंटाळवाणं वाटेल. झोपू नकोस. हत्यार कधी आणि किती वापरायचं याचे नियम ज्या आरओई कार्डावर छापलेले असतात, ते पाठ कर. अर्थ मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढ आणि सेक्शन कमांडरकडून तपासून घे. ऐनवेळी इंग्रजी वाक्य आठवत नाही, आपलं आठवतं.

आणि हे लुटुपुटूचं काम आहे असं कुणी म्हणालं तर त्याला गुमुरुक सांग. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ यूएनच्या काफिल्यावर घात लावून हल्ला झाला. त्यात आपले पाच जवान गेले, सोबतचे सात नागरिकही. त्याच वर्षी डिसेंबरात आकोबोच्या छोट्या तळावर जमाव चालून आला, तिथंही आपले जवान कामी आले. यूएनच्या झेंड्याखाली सर्वांत जास्त जवान गमावलेला देश भारत आहे. कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांना परमवीरचक्र मिळालं ते १९६१ मधल्या काँगोतल्या लढाईसाठी, यूएनच्या याच निळ्या रंगाखाली. गाड्यांतलं अंतर, हेल्मेटचा बंद, जॅकेटची प्लेट यांत ढिलाई करायची इच्छा झाली की ही नावं आठवायची.

घर लावून निघ

सगळ्यात जास्त वेळ याला दे. आपल्या पलटणी साधारण वर्षभरासाठी जातात आणि त्या वर्षात घरच्या कामाला "जरा धावत येतो" म्हणता येत नाही.

कागदांपासून सुरुवात कर. लग्न झालं, मूल झालं, वडील गेले, तर त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या दफ्तरातली नोंद, निघाली का ते क्लार्ककडे स्वतः उभं राहून बघ. विमा, पीएफ, बँक खातं, सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते वाचून खात्री कर. भरतीच्या वेळी आईचं नाव घातलेलं असतं, लग्नानंतर बदलायचं राहून जातं आणि पुढे सासू-सुनेत त्यावरून कायमची अढी बसते. आईला काय, बायकोला काय, हे दोघींना समोर बसवून सांग. मृत्युपत्राचं नाव काढलं की घरात रडारड होते, तरी करून ठेव. कागद केला म्हणून कुणी मरत नाही.

बँकेचं मात्र बारकाईनं ऐक, कारण यात मी पोळलो आहे. माझ्या खात्याला माझाच मोबाइल नंबर जोडलेला होता. मलाकालला पोचलो, भारतातलं सिम काढून डबीत ठेवलं. तीन महिन्यांनी बायकोला मुलीच्या फीचे पैसे वळते करायचे होते, आणि ओटीपी येणार त्या डबीतल्या सिमवर. तोवर रिचार्ज संपून नंबर बंद पडलेला. ती बँकेत तीन हेलपाटे घालून आली, प्रत्येक वेळी "खातेदारानं स्वतः यावं लागेल" एवढंच उत्तर. शेवटी भावाकडून उसने घेतले. तेव्हा निघण्याआधी बायकोसोबत जोडखातं उघड, तिचं वेगळं कार्ड काढ, तिचा नंबर नोंदव आणि तुझ्यासमोर एकदा तिला एटीएममधून आणि मोबाइलवरून व्यवहार करायला लाव. तिनं स्वतः करून पाहिलं पाहिजे, तू करून दाखवलंस ते मोजायचं नाही. तुझ्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घे आणि दर महिन्याच्या रिचार्जची जबाबदारी घरातल्या एकावर टाक. तीन महिने नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते.

शेतीवाल्या घरातला असशील तर पीक कर्जाच्या नूतनीकरणाची तारीख, विम्याची मुदत आणि ई-पीक पाहणी कोण करणार, हे एका वहीत लिहून ठेव. सात-बाऱ्यावर पिकाची नोंद राहिली तर नुकसान भरपाईच्या वेळी घरचे तलाठ्याच्या दारात बसतात आणि तुझा जीव तिकडे वरखाली होतो. बांधाचा वाद हा तर नेमका जवान लांब गेल्यावरच उकरून काढला जातो. यासाठी एक जुना कायदा आहे, भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५. जवान परदेशी सेवेत असताना त्याच्याविरुद्धचं दिवाणी प्रकरण त्याच्या माघारी निकाली निघू नये, म्हणून पलटणीकडून प्रमाणपत्र गेलं की न्यायालय काम पुढे ढकलू शकतं. नोटीस आली तर घरच्यांनी ती पेटीत टाकायची नाही. फोटो काढून तुला पाठवायचा, आणि मूळ कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठायचं. ते कार्यालय कुठल्या रस्त्याला आहे, तेही बायकोला किंवा वडिलांना एकदा दाखवून आण.

पैशाचं एक खरं सांगतो. गावात चर्चा असते की यूएनवाले डॉलरमध्ये पगार देतात. यूएन प्रत्येक जवानामागे महिन्याला चौदाशे डॉलरच्या वर रक्कम देतं, पण ती सरकारला. तुला मिळतो तुझा पगार आणि सरकारनं ठरवलेला परदेशी भत्ता. यूएनकडून थेट हातात येणारा रोजचा भत्ता १ डॉलर २८ सेंट. एकूण रक्कम चांगली जमते, घराचा स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न निघतं. पण निघण्याआधीच त्या भरवशावर गाडी बुक करू नकोस आणि पाहुण्यांना उसने कबूल करू नकोस.

सुई आणि गोळी

पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते. टोचल्यावर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून तिचा दाखला आयुष्यभर चालतो. पिवळं कार्ड मिळेल, ते पाकिटात नको, कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेव आणि त्याचा फोटो घरी पाठव. परत येताना विमानतळावर ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. वर्षभरानं आलेल्या माणसाला घराऐवजी त्या खोलीत बसणं फार जड जातं. बाकीच्या लसी पलटणीचे डॉक्टर देतील, कुठलीही चुकवू नकोस.

आता मलेरिया. आपल्याकडे मलेरिया म्हणजे चार दिवस हुडहुडी आणि पेज, असं लोक समजतात. तिथला बहुतांश मलेरिया फाल्सिपेरम जातीचा आहे, तो मेंदूवर जातो आणि धडधाकट माणसाला दोन-तीन दिवसांत आडवा करतो. म्हणून बचावाची गोळी. कुठली, ते डॉक्टर ठरवतात. आम्हाला डॉक्सीसायक्लिन होती, रोज एक. संध्याकाळी जेवणानंतर प्लाटून रांगेत उभी राहायची, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, हवालदार एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवायचा आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायचा. पहिल्या आठवड्यात अपमान वाटला. पाचव्या महिन्यात आमच्यातला एक जण गुपचूप गोळ्या टाकून देत होता हे कळलं, कधी, तर हेलिकॉप्टरनं त्याला हलवावं लागलं तेव्हा. तो वाचला. त्यानंतर तोंड उघडायला कुणी कुरकुर केली नाही.

ही गोळी भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर, उभ्यानं किंवा बसून घ्यायची. घेतली आणि लगेच आडवा झालास तर ती अन्ननलिकेत अडकून जाळते, छातीत असं दुखतं की हार्टच्या शंकेनं माणूस घाबरतो. उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून बाह्या खाली आणि मानेला फडकं. दुसरी कुठली गोळी दिली आणि वाईट स्वप्नं पडायला लागली, जीव घाबरा व्हायला लागला, तर लपवू नकोस, डॉक्टर बदलून देतात. स्वतःच्या मनानं बंद मात्र करायची नाही.

गोळीनं सगळं होत नाही. सूर्य कलला की बाह्या खाली, डास पळवणारं मलम, आणि औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. नुसती लोंबती सोडलेली मच्छरदाणी म्हणजे डासाला दिलेला आसरा. नाईलच्या पाण्यात उतरायचं नाही, पोहायला येतं म्हणून तर अजिबात नाही. मगरी आणि पाणघोडे आहेतच, शिवाय त्या पाण्यातल्या कृमी कातडीतून आत शिरतात. तळावर गाळलेलं पाणी मिळतं, तेच प्यायचं आणि दातही त्यानंच घासायचे.

सामान थोडक्यात

किती किलो ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, त्यापलीकडे एक चड्डीही जात नाही. चष्मा असेल तर दोन आणि नंबरचा कागद. नेहमीचं औषध असेल तर चिठ्ठीसकट. मलमाच्या दोन-तीन ट्यूब, नायलॉनची दोरी, सुईदोरा, टॉर्च, चांगले सुती मोजे भरपूर. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लगेजमध्ये टाकलीस तर काढून घेतील. डॉलर नेणार असशील तर नव्या छपाईच्या, न फाटलेल्या नोटा. जुन्या डॉलरच्या नोटा तिकडचे दुकानदार परत करतात. आईनं दिलेला काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी नीट सीलबंद करून ने, रविवारच्या भाजीत तिचा एक चमचा पडला की सगळी बराक येते.

पहिले पंधरा दिवस

उतरल्यावर आधी ओळखपत्र, मग बारीकसारीक वर्ग. राहायला पत्र्याचा डबा मिळतो, त्याला तिथं सगळे कोरीमेक म्हणतात. भोवती मातीनं भरलेल्या जाळीच्या भिंती, त्या हेस्को. पहिल्या रात्री बंकर कुठं, कुठल्या वाटेनं धावायचं, अंधारात बूट कुठं सापडतील, हे स्वतः चालून बघ. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. विदर्भातली पोरं हसतात, पण जॅकेट आणि हेल्मेट घालून वर्ध्याच्या उन्हात कुणी उभं राहिलेलं नसतं. पहिले दहा-बारा दिवस अंगाला सवय लागेपर्यंत तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहा.

गाड्या तिथं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. ड्रायव्हरला यूएनची परीक्षा देऊन वेगळा परवाना काढावा लागतो, तो नापास होण्याचं कारण बहुधा हेच असतं. पायी चालणाऱ्यानंही लक्षात ठेवायचं, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं.

शेजारी मंगोलिया, रवांडा, घाना, नेपाळ, बांगलादेश अशा कुठकुठल्या देशांचे जवान असतात, चीनचे आणि पाकिस्तानचेही भेटतात. सलाम नीट कर, चहा पी, क्रिकेटवर बोल. आपल्या सीमेवरचं, पलटणीचं, हत्यारांचं काही बोलायचं नाही. इंग्रजी कच्चं म्हणून गप्प राहू नकोस. रेडिओवरची अक्षरं, वेळ सांगणं, जागेचे आकडे आणि पन्नास-साठ वाक्यं इतक्यावर गाडा चालतो. आमचा एक नाईक सातवी शिकलेला, पण रेडिओवर तो इतका सावकाश आणि स्वच्छ बोलायचा की मुख्यालयातले परदेशी साहेब त्यालाच मागायचे.

गस्त

तिथली जमीन काळी. आपल्या सोलापूर-परभणीसारखीच, भेगाळणारी आणि पावसात चिकटणारी. वाफसा नसताना रानात ट्रॅक्टर घालू नये हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही, पण तिथं मी अनुभवी माणसांना बीएमपी, म्हणजे पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी, घालून फसलेलं पाहिलं आहे. पाऊस साधारण एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत. त्या काळात रस्ते महिनोन् महिने बंद असतात, माणसं आणि रसद हेलिकॉप्टरनं किंवा नदीतून जाते. गस्तीवर निघताना एक दिवसाचं काम असेल तरी तीन दिवसांचं पाणी, शिधा आणि औषधाच्या गोळ्या गाडीत हव्यात. आकाशात ढग दिसला की परतीचा निर्णय कमांडर घेईल, पण मातीचा रंग बदललेला तुला आधी दिसला तर बोल.

दशकानुदशकांच्या लढाया झालेला मुलूख आहे, जमिनीत सुरुंग आणि न फुटलेले गोळे आहेत. यासाठी एकच सवय लाव: गाडी थांबली तर चाकोरी सोडायची नाही. लघवीला झाडामागे जायची आपल्याकडची रीत तिथं जीव घेऊ शकते. चाकोरीतच गाडीच्या मागं उरकायचं, लाज बाजूला ठेवायची. धातूचं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नकोस, लाथ मारू नकोस, जागा टिपून कळव.

आणि गुरं. डिंका, नुएर, मुर्ले या समाजांत गुरं म्हणजे धन, नातं, इभ्रत सगळंच. मुलीचं लग्न गुरं देऊन ठरतं, खुनाची भरपाई गुरांत होते आणि गुरं पळवण्यावरून गावंच्या गावं जळतात. रस्त्यात कळप आला तर इंजिन मंद करून थांब. हॉर्न नाही, काठी नाही, हाकलणं नाही. लांब शिंगांच्या त्या पांढऱ्या-करड्या बैलांकडे बघत आमच्यातला एक सांगोल्याचा पोरगा म्हणाला, "ह्याला खिलारात उभा केला तर ओळखू यायचा नाही." त्यानं उतरून एका गुराख्याच्या बैलाच्या शिंगाकडे बोट दाखवून अंगठा उंचावला. दोन महिने आमच्याशी एक शब्द न बोललेला तो माणूस हसला, आणि बैलाला थोपटून त्याचं नाव सांगितलं. आपल्या पलटणींबरोबर तिथं जनावरांचे डॉक्टर असतात आणि त्यांच्या शिबिराला माणसांच्या दवाखान्याइतकीच गर्दी होते, ते उगाच नाही.

गस्तीतलं एक काम नव्या पोरांना कमीपणाचं वाटतं, बायकांच्या लाकूडफाट्याच्या वाटेवर उभं राहण्याचं. छावणीतून सरपणाला गेलेल्या बायकांवर हल्ले होतात. तुम्ही तिथं दिसलात तर त्या घरी परत येतात. मोळी डोक्यावर घेऊन तुझ्यासमोरून वीस बायका गेल्या आणि संध्याकाळी वीसच परतल्या, तर त्या दिवसाचं काम झालं. आपल्या महिला सैनिक सोबत असतील तर बायकांशी बोलणं त्यांना करू दे, आपण जरा लांब थांबावं. दक्षिण सुदानमध्येच काम केलेल्या मेजर सुमन गवानी यांना २०१९ सालचा यूएनचा लष्करी जेंडर अॅडव्होकेट पुरस्कार मिळाला. हे काम किती मोलाचं धरलं जातं ते त्यावरून समज.

गेटवर आणि गावात

थोडी जुबा अरबी शिक. सलाम, शुक्रान म्हणजे आभार, मोया म्हणजे पाणी, बुकरा म्हणजे उद्या. तुला "कवाजा" म्हणून हाक मारतील, म्हणजे परका माणूस. वाईट वाटून घेऊ नकोस.

यातला बुकरा हा शब्द जपून वापर. गेटवर ड्यूटी असताना आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा माझ्याकडे पेन मागायचा. एकदा त्याला टाळायला मी म्हटलं, बुकरा. दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी दुसरीकडे लागली. तिसऱ्या दिवशी गेटवर आलो तर तो खांबाला टेकून बसलेला. आदल्या दिवशी अख्खा दिवस तो तिथंच होता, असं गेटवरच्या दुभाष्यानं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला अजून टोचतं. देता येत नसेल तर सरळ "माफी" म्हण, तिकडं त्याचा अर्थ "नाही" असा होतो. मराठी कानाला तो शब्द वेगळाच ऐकू येतो, पण पोरं समजतात आणि निघून जातात.

चालत्या गाडीतून बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या फेकायच्या नाहीत. दया म्हणून फेकतो आपण, आणि पोरं चाकाखाली धावतात. काही द्यायचं तर गावकऱ्यांशी संपर्क ठेवणाऱ्या पलटणीच्या सीमिक टीममार्फत, गावच्या वडीलधाऱ्याला विचारून.

गावात गेलास की आधी उजव्या हातानं हात मिळव आणि कामाचं बोलण्याआधी पाऊस, गुरं, लेकरं यांची विचारपूस होऊ दे. घाई केली तर माहिती मिळत नाही. दुभाष्याकडे न बघता त्या म्हाताऱ्याकडे बघून बोल, छोटी वाक्यं. दुभाषा स्थानिक असतो, त्यालाही जात-जमात आहे आणि तू निघून गेल्यावर त्याला तिथंच राहायचं आहे, म्हणून त्याच्या तोंडून कुणावर आरोप वदवून घेऊ नकोस. "तू डिंका की नुएर?" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. त्या प्रश्नावर तिथं माणसं मारली गेली आहेत. फोटो काढायचे नाहीत, विशेषतः सैनिक, पूल, विमानतळ आणि बायकामुलांचे.

जेवण पुढे केलं तर परिस्थिती आणि हुकूम बघून घासभर घे. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची पातळ किसरा आंबोळीची आठवण करून देते. आपला जोंधळा मुळात आफ्रिकेच्या त्याच पट्ट्यातून आलेला, हे मला तिथं गेल्यावर एका साहेबानं सांगितलं. जात्यावर ज्वारी भरडणारी बाई दिसली की आमच्यातले निम्मे गप्प व्हायचे.

याला क्षमा नाही

यूएनच्या सरचिटणीसांचा २००३ चा आदेश स्पष्ट आहे: १८ वर्षांखालच्या कुणाशीही शरीरसंबंध नाही, वय माहीत नव्हतं ही सबब चालत नाही, आणि पैसे, अन्न, काम किंवा कुठलीही वस्तू देऊन संबंध ठेवणं म्हणजे शोषण. तिथं भुकेली माणसं आहेत, तुझ्याकडे रेशन आहे. अशा ठिकाणी "तिची मर्जी होती" या बोलण्याला अर्थ उरत नाही. सोबत्याचं पाऊल घसरताना दिसलं तर वरिष्ठांना सांग. ती चुगली होत नाही, एका मुलीचं आयुष्य वाचतं. डिझेल, रेशन, औषधं विकणं, दारू पिऊन ड्यूटी, स्थानिकांना फुकट राबवणं, यांचा शेवट घरी परत पाठवण्यात आणि पुढे कोर्टमार्शलमध्ये होतो.

मोबाइलबद्दल पलटणीचा जो हुकूम असेल तो शब्दशः पाळ. तळाचा, गाडीचा, गस्तीच्या वाटेचा फोटो घरच्या ग्रुपवरसुद्धा नको. मामेभावाच्या स्टेटसवरून तो कुठं जाईल ते तुला कळणारही नाही.

घरचा फोन

तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. तू रात्री आठला जेवून मोकळा होतोस तेव्हा घरी साडेअकरा वाजलेले असतात, बायको दिवसभराच्या कामानं पेंगुळलेली असते, लेकरं झोपलेली. त्या वेळच्या बोलण्यात भांडणं होतात. शक्य असेल तर दुपारची वेळ ठरवून घे आणि आठवड्यातून दोन वार पक्के कर. रोज फोनची सवय लावलीस तर नेटवर्क गेलेल्या किंवा गस्तीवर असलेल्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. "आठ दिवस फोन आला नाही तरी काळजी करू नका, काही झालंच तर पलटण आधी कळवते" हे निघतानाच सांगून ठेव.

वाईट बातमी कशी कळवायची तेही ठरव. माझ्या आईचं ऑपरेशन घरच्यांनी दीड महिना लपवलं, आणि मला ते कळलं एका पाहुण्याच्या बोलण्यातून, गस्तीला निघण्याच्या तासभर आधी. त्या दिवशी मी गाडीत कुठं बघत होतो ते मला आठवत नाही, आणि गस्तीवर माणसाचं असं होणं सगळ्यांनाच धोक्याचं असतं. तेव्हा मोठी बातमी असेल तर घरच्या एकानंच, ठरलेल्या माणसानं, थेट सांगायची. तुला कळली की लगेच सोबत्याला आणि सुभेदार साहेबांना सांग. ते ड्यूटी बदलून देतात, साहेबांशी बोलतात, रजेचं बघतात. न सांगता मनात ठेवलंस तर कुणाला काही करता येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मन उतरतंच. नव्वद दिवसांची सेवा झाली की यूएनचं पदक लागू होतं, मेडल परेड होते, मराठा पलटण असेल तर झांज आणि लेझीम निघते आणि परदेशी जवान ठेका धरतात. त्या दिवशी सगळं छान वाटतं. नंतरचे दिवस लांबतात. तेव्हा रोजचं एक काम धर: व्हॉलीबॉल, भजन, पहाटेची धाव, काहीही. आमच्याकडे एका जवानानं कोरीमेकमागे मेथी आणि कोथिंबीर लावली होती. काळी मातीच ती, आठ दिवसांत उगवली.

परतताना

परतीच्या ऑर्डरआधी पिवळं कार्ड, पदकाचा दाखला आणि तिथं झालेल्या आजाराचे किंवा जखमेचे कागद स्वतःच्या हातात घे. जखमेची नोंद तिथंच झाली पाहिजे, दहा वर्षांनी पेन्शनच्या वेळी साक्षीदार सापडत नाहीत. हस्तिदंताची, कातड्याची, शिंगाची वस्तू आणायची नाही, तो गुन्हा आहे.

घरी आल्यावर पहिले काही दिवस लहान मूल तुला ओळखणार नाही, बायकोनं वर्षभर घर स्वतःच्या डोक्यानं चालवलेलं असेल. हिशेबाची वही मागू नकोस. ती आपणहून दाखवेल.

आणि डॉक्सीसायक्लिन घेत असशील तर ती मायदेशी आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला, मग तो पावसात भिजल्याचा वाटला तरी, त्याच दिवशी डॉक्टर गाठ आणि दारातूनच सांग, "मी दक्षिण सुदानहून आलोय, मलेरियाची तपासणी करा." गावातल्या डॉक्टरला ते आपणहून सुचणार नाही. हे वाक्य बायकोकडूनही पाठ करून घे, कारण त्या तापात तुला ते बोलता येईलच असं नाही.